कांजी पंधरा दिवसांत विसरतात, कारण क्रम चुकतो: पहिल्या तीनशे कांजींची पद्धत

जपानी शिकणाऱ्या बऱ्याच जणांची कांजीची, म्हणजे जपानी लिपीतल्या चिनी मुळाच्या चित्राक्षरांची, वही एकसारखी असते. एका ओळीत एकच कांजी वीस वेळा, समोर कोशात सापडलेले तिचे सगळे उच्चार आणि त्यापुढे एक इंग्रजी अर्थ. वही देखणी असते. पण पंधरा दिवसांनी तीच कांजी एखाद्या वाक्यात भेटली की चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव मात्र ओठांवर येत नाही. त्यावर उपाय म्हणून वीस वेळांच्या चाळीस वेळा होतात.

जपानी मूल प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १०२६ कांजी शिकतं (इयत्तेनुसार ८०, १६०, २००, २०२, १९३ आणि १९१) आणि दैनंदिन वापराची जोयोउ यादी २१३६ कांजींची आहे. हे आकडे ऐकून घाबरायला होतं, पण त्यातली मेख वेगळी आहे. त्या मुलाला शब्द आधीच येत असतो. 'मिझु' म्हणजे पाणी हे त्याला दुसऱ्या वर्षापासून ठाऊक असतं, शाळेत फक्त त्या शब्दाचं चित्र कळतं. आपण चित्र, शब्द, दोन-तीन उच्चार आणि परक्या भाषेतला अर्थ एकाच दिवशी डोक्यात कोंबतो. खालचा क्रम हे ओझं वेगळं करण्यासाठी आहे.

लेखात कांजी मुद्दाम छापलेल्या नाहीत, अर्थ आणि उच्चार दिले आहेत. प्रत्येक कांजी कोशात शोधून वहीत काढायची. शोधताना ती एकदा नीट पाहिली जाते.

## तयारी: पहिली कांजी गिरवण्याआधी

काना, म्हणजे जपानीतली नुसता उच्चार दाखवणारी अक्षरं, पक्के करा. हिरागाना ४६ आणि काताकाना ४६, शिवाय त्यांची जोडाक्षरं. पाठ्यपुस्तकातला शंभर अक्षरांचा उतारा दीड मिनिटात न अडखळता वाचता आला पाहिजे. काताकाना कच्चा ठेवून कांजीला हात घालणारे पुढे दोन्हीकडे अडकतात.

दोनशे शब्द कानाने शिका. घर, अन्न, दिवस, येणं-जाणं, नाती, अंक. हे शब्द ऐकून समजले आणि बोलता आले की त्यांच्या कांजी पुढे निम्म्या कष्टात बसतात.

वही. पहिली-दुसरीच्या गणिताची चौकटीची वही चालते. दोन बाय दोन अशा चार चौकटी मिळून एका कांजीचं घर करा. मधल्या रेघांमुळे डावी-उजवी बाजू आणि वर-खाली यांचं प्रमाण आपोआप दिसतं. एकेरी ओळींची वही नको, तिथे डावा भाग फुगतो आणि उजवा चेपतो.

फाँट तपासा. याकडे जवळजवळ कुणी बघत नाही. जपानी आणि चिनी लिप्यांतल्या अनेक चिन्हांना संगणकात एकच सांकेतिक क्रमांक आहे. त्यामुळे फोनमध्ये जपानी भाषा जोडलेली नसेल तर बऱ्याचदा चिनी वळणाचं अक्षर दिसतं. 'सरळ' (नाओसु या क्रियापदातली) आणि 'हाड' (होने) या दोन कांजी फोनवर आणि पाठ्यपुस्तकात शेजारी ठेवून बघा. वेगळ्या दिसल्या तर फोनच्या भाषांमध्ये जपानी जोडा आणि फ्लॅशकार्डच्या ॲपमध्ये जपानी फाँट ठरवून द्या. गिरवण्यासाठी शाळेच्या पुस्तकांतला 'क्योउकाशो' वळणाचा फाँट घ्या. छपाईच्या फाँटमध्ये रेघांचे जोड आणि टोकं हाताच्या अक्षरापेक्षा वेगळी असतात.

देवनागरीत उच्चार लिहू नका. इथे लेखाच्या सोयीसाठी लिहिले आहेत, तुमच्या वहीत नकोत. देवनागरीत ओ ऱ्हस्व की दीर्घ हे दिसत नाही. 'कोको' असं लिहिलं तर ते 'इथे' आहे की 'उच्च माध्यमिक शाळा'? दुसऱ्या शब्दात दोन्ही ओ लांब आहेत. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या की आजी, हेही कळणार नाही. शिवाय 'चहा'तला च आणि 'चूक'मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो, जपानीत मात्र 'चि' आणि 'त्सु' वेगळी अक्षरं आहेत. (दुसऱ्याचा उच्चार मराठी माणसाला फुकट येतो, त्याबद्दल दंततालव्य च-चे आभार.) जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेत उच्चारांच्या प्रश्नांत चुकीचे पर्याय नेमके असेच असतात: एक लांब, एक आखूड, एक कठोर, एक मृदू. देवनागरीत पाठ करणाऱ्याला ते चारही सारखे वाटतात.

> तपासा: 'इथे', 'उच्च माध्यमिक शाळा', 'मावशी', 'आजी' हे चार शब्द हिरागानात न बघता लिहिता येतात का? नसतील येत, तर अजून आठवडाभर कानावरच थांबा.

## टप्पा १: आधी घटक (पहिला आठवडा)

कांजी म्हणजे रेघांचं जंजाळ वाटतं तोवर ती लक्षात राहत नाही. बहुतेक कांजी ठरावीक तुकड्यांच्या बनलेल्या असतात. कोशांतले पारंपरिक मुख्य घटक २१४ आहेत, पण ते सगळे पाठ करायला बसू नका. सुरुवातीला चाळीसएक पुरतात: माणूस, तोंड, हात, पाणी, अग्नी, झाड, सूर्य, चंद्र, स्त्री, मूल, बोलणं, धागा, धातू, फाटक, छप्पर, गवत, रस्ता असे.

घटकाची जागा बदलली की रूप बदलतं, हे इथेच लक्षात घ्या. पाणी डावीकडे आलं की त्याचे तीन थेंब होतात, त्याला 'सान्झुइ' म्हणतात. माणूस डावीकडे आला की दोन रेघांचा उभा 'निन्बेन' होतो. गवत वर बसतं, ते 'कुसाकान्मुरि'. कान्मुरि म्हणजे मुकुट.

मग जोडणी. माणूस आणि झाड मिळून 'विश्रांती'. सूर्य आणि चंद्र मिळून 'उजेड'. दोन झाडं म्हणजे राई, तीन झाडं म्हणजे रान. शेत आणि त्याखाली बळ म्हणजे 'पुरुष'.

घटकांवरून गोष्टी रचण्याची एक पद्धत लोकप्रिय आहे. ती वापरा, पण हात आखडता घेऊन. गोष्ट एका वाक्याची आणि डोळ्यांसमोर दिसणारी असावी. प्रत्येक कांजीसाठी दहा ओळींची कहाणी रचली तर वाचताना आधी कहाणी आठवायची, मग अर्थ, मग शब्द असा फेरा पडतो. सोप्या कांजींना गोष्ट लागतच नाही.

## टप्पा २: रेघांचा क्रम

क्रम कशाला, शेवटी दिसतं तर सारखंच, असा प्रश्न येतो. दोन कारणं आहेत. फोनवर बोटाने कांजी काढून शोधताना क्रम आणि रेघांची संख्या बरोबर असली की ओळख पटकन होते. आणि ठरलेल्या क्रमाने हात फिरला की गुंतागुंतीची कांजीसुद्धा हाताला चार-पाच हालचालींची वाटते.

नियम थोडे आहेत:

१. वरून खाली, डावीकडून उजवीकडे.
२. आडवी आणि उभी रेघ छेदत असतील तर बहुधा आडवी आधी.
३. मध्य आणि दोन बाजू असतील तर मध्य आधी ('लहान', 'पाणी').
४. चौकट आधी, आतला मजकूर नंतर, तळाची रेघ सगळ्यांत शेवटी ('देश').
५. पूर्ण आरपार जाणारी उभी रेघ शेवटी ('मध्य', 'गाडी').
६. डावीकडून खाली वळसा घालणारा रस्त्याचा घटक शेवटी ('मार्ग').

सगळ्यांत जास्त चुकतं ते 'तोंड'. दिसतो चौकोन, पण रेघा तीनच: डावी उभी, मग वरची आणि उजवी एका वळणात, मग तळाची. चार रेघांनी चौकोन काढायची सवय लागली की तोंड असलेल्या प्रत्येक कांजीत एक रेघ जास्त होते आणि रेघा मोजून कोशात शोधताना ती सापडत नाही.

'उजवा' आणि 'डावा' यांची वरची बाजू सारखी दिसते. तरी 'उजवा'मध्ये तिरकी रेघ आधी, 'डावा'मध्ये आडवी आधी. अपवाद म्हणून सोडून द्या.

रेघेचा शेवटही बघा: थांबते (तोमे), उडी मारते (हाने) की निमुळती होत जाते (हाराइ). बॉलपेननेही हा फरक दिसतो.

> सावध: एक कांजी सलग वीस वेळा लिहू नका. तिसऱ्या वेळेनंतर हात नक्कल करतो आणि डोकं दुसरीकडे असतं. तीनदा बघून, मग झाकून एकदा. चुकलं तर पुन्हा बघा. उद्या परत एकदा झाकून.

## टप्पा ३: एका कांजीमागे दोन शब्द

गाडी सर्वांत जास्त इथेच घसरते. एका कांजीला बहुधा दोन प्रकारचे उच्चार असतात: चिनी मुळाचा 'ओन' आणि अस्सल जपानी 'कुन'. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे समजावून घ्यायला प्रकरणभर मजकूर वाचावा लागतो. मराठी माणसाकडे याचा नमुना घरातच आहे. एकटं असताना आपण 'पाणी' म्हणतो, जोडशब्दात 'जलवाहिनी', 'जलतरण' म्हणतो. एकटं 'झाड', जोडशब्दात 'वृक्षारोपण'. जपानीतही पाण्याची कांजी एकटी असली की 'मिझु', जोडशब्दात 'सुइ': सुइदोउ म्हणजे नळाचं पाणी, सुइएइ म्हणजे पोहणं, सुइयोउबि म्हणजे बुधवार. फरक एवढाच की आपण जल आणि पाणी वेगळं लिहितो, ते दोन्हीकडे तेच चित्र काढतात.

म्हणून उच्चारांची यादी पाठ करू नका. प्रत्येक नव्या कांजीसाठी दोन शब्द घ्या: एक कुन उच्चाराचा, एक ओन उच्चाराचा. 'खाणे'साठी ताबेरु आणि शोकुदोउ (खानावळ). 'गाडी'साठी कुरुमा आणि देन्शा (विजेवरची रेल्वे). 'नवा'साठी आताराशिइ आणि शिन्बुन (वर्तमानपत्र). तिसरा उच्चार असेल तर तो जेव्हा एखाद्या शब्दातून भेटेल तेव्हा शिकायचा. 'जीवन' या अर्थाच्या कांजीला इतके उच्चार आहेत की यादी करणारा तिथेच वही मिटतो. सेन्सेइ, इकिरु, उमारेरु, नामा असे शब्द आपापल्या वेळी आले की त्यातला एकही जड जात नाही.

क्रियापदं आणि विशेषणं शेपटीसकट शिका. ताबेरुमध्ये कांजी फक्त 'ता'पुरती, 'बेरु' हिरागानात. ती शेपटी म्हणजे ओकुरिगाना. कांजीखाली नुसतं 'ताबेरु' लिहून ठेवलं की पुढे लेखनाच्या प्रश्नात शेपटीचं एक अक्षर जास्त किंवा कमी होतं.

जोडशब्द म्हणजे नेहमी ओन, हा नियम सरसकट नाही. तेगामि (पत्र) आणि हानाबि (शोभेची दारू) दोन्ही कुन-कुन आहेत. बाशो (जागा) अर्धा कुन, अर्धा ओन. आणि काही शब्दांचा उच्चार कांजींत वाटताच येत नाही: क्योउ (आज), ओतोना (प्रौढ), हितोरि (एकटा), महिन्याची पहिली तारीख त्सुइताचि, विसावी हात्सुका. चौथी तारीख 'योक्का' आणि आठवी 'योउका', यांत हमखास गफलत होते. एकोणसाठ आणि एकोणसत्तर पाठ करून मोठे झालेल्यांनी याबद्दल तक्रार करू नये. हे शब्द अख्खे पाठ करायचे.

### अर्थ मराठीत लिहा

बहुतेक साहित्य इंग्रजीत असल्याने अर्थही इंग्रजीत उतरवला जातो आणि जपानीतले फरक त्यात पुसले जातात. 'कोमे' म्हणजे तांदूळ, 'गोहान' म्हणजे भात. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. 'आनि' म्हणजे मोठा भाऊ, 'ओतोउतो' म्हणजे धाकटा, 'आने' म्हणजे मोठी बहीण. दादा आणि ताई म्हणणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. 'किरु' म्हणजे सदरा अंगात घालणं, 'हाकु' म्हणजे बूट पायात घालणं. 'आत्सुइ' हवेबद्दल असेल तर एक कांजी, चहाबद्दल असेल तर दुसरी. कार्डावर 'उकडतंय' आणि 'चटका बसेल इतकं गरम' असं लिहा, गोंधळ होणार नाही.

## टप्पा ४: कार्ड आणि रोजचा हप्ता

अंतरा-अंतराने उजळणी करून घेणारं कोणतंही ॲप चालेल. 'आंकी' सर्वांत जास्त वापरलं जातं, खालचे तपशील त्याचे आहेत.

कार्डाच्या पुढे कांजीतला शब्द, जमलं तर एका छोट्या वाक्यात. मागे हिरागानात उच्चार, मराठी अर्थ आणि आवाज. पुढच्या बाजूला फुरिगाना, म्हणजे कांजीवरचे बारीक काना, ठेवू नका. ते असले की डोळा तेच वाचतो आणि कांजीकडे ढुंकूनही बघत नाही. सुट्या कांजीचं वेगळं कार्ड करू नका.

हिशोब असा: रोज तीन कांजी, प्रत्येकी दोन शब्द, म्हणजे सहा नवी कार्डं. काही आठवड्यांनी रोजची उजळणी नव्या कार्डांच्या साधारण सात ते दहा पट होते, म्हणजे चाळीस ते साठ कार्डं. एका कार्डाला दहा सेकंद धरले तरी दहा मिनिटांत संपतं. आठवड्यातून सहा दिवस या वेगाने तीनशे कांजींना सुमारे १७ आठवडे लागतात. ॲपची मूळ मर्यादा रोज वीस नव्या कार्डांची असते, ती पहिल्याच दिवशी सहावर आणा. वीस ठेवणाऱ्याच्या डोक्यावर महिन्याभरात दीडशे-दोनशे कार्डांची रोजची उजळणी बसते आणि ॲप फोनवरून जातं.

बटणांबाबत एक गोष्ट काटेकोर पाळा. उच्चार चुकला किंवा आठवला नाही तर 'पुन्हा'. 'कठीण' हे बटण उत्तर बरोबर आलं पण वेळ लागला, यासाठी आहे. विसरलेल्या कार्डाला लाजेखातर 'कठीण' दिलं की ॲप ते आठवलं असंच धरतं आणि अंतर वाढवत जातं. लांब स्वर आखूड म्हटला तर तीही चूकच धरा.

वारंवार चुकणाऱ्या कार्डावर आंकी आपणहून खूण करतं, सेटिंग तसं असेल तर ते बाजूलाही काढतं. ते तसंच चालू ठेवू नका. शब्द बदला, वाक्य बदला किंवा त्यातल्या कांजीचं जुळं, म्हणजे तिच्यासारखी दिसणारी कांजी, शोधा (टप्पा ६).

> तपासा: दर रविवारी आठवड्यातले वीस शब्द कागदावर फुरिगानाशिवाय उतरवा आणि मोठ्याने वाचा. सोळापेक्षा कमी बरोबर आले तर पुढचा आठवडा नवी कांजी नाही.

## टप्पा ५: जोडताना आवाज बदलतो

'ते' अधिक 'कामि' मिळून तेगामि, 'हाना' अधिक 'हि' मिळून हानाबि. दुसऱ्या शब्दाचा पहिला आवाज मृदू होतो. वाक् अधिक ईश मिळून वागीश होतो, त्याच जातीचा प्रकार. दुसरा बदल द्वित्ताचा: 'गाकु' अधिक 'कोउ' मिळून गाक्कोउ, सत् अधिक जन मिळून सज्जन तसं. मोजणीत तर तीन रूपं येतात: लांबट वस्तूंसाठी इप्पोन, निहोन, सान्बोन.

नियम पाठ करून हे जमत नाही, कारण कुठे मृदू होईल याला अपवाद पुष्कळ. शब्द आवाजासकट शिकला की बदल वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही. कार्डावर आवाज हवाच, तो यासाठी.

## टप्पा ६: जुळी वेगळी करा

शंभरेक कांजी झाल्या की नवाच त्रास सुरू होतो. येत असलेल्या कांजी एकमेकींत मिसळायला लागतात. वाट बघू नका, वहीत जुळ्यांचं पान उघडा. दोन कांजी शेजारी मोठ्या काढा, फरकाची रेघ लाल करा आणि प्रत्येकीखाली एक शब्द लिहा.

- 'विश्रांती' आणि 'शरीर': दुसरीत झाडाच्या बुंध्याशी एक आडवी रेघ जास्त.
- 'वाट पाहणे' (मात्सु) आणि 'हातात धरणे' (मोत्सु): उजवीकडे दोन्हींत देऊळ, डावीकडे पहिलीत वाट, दुसरीत हात.
- 'अजून नाही' (मिराइ, भविष्य, यातली पहिली) आणि 'शेवट' (शूउमात्सु, शनिवार-रविवार, यातली दुसरी): पहिलीत वरची आडवी रेघ आखूड, दुसरीत वरची लांब.
- फाटकाचं कुटुंब: आत सूर्य असेल तर 'मधली जागा', कान असेल तर 'ऐकणे', तोंड असेल तर 'प्रश्न'.
- 'गाय' आणि 'दुपार': गाईचं शिंग वर येतं, दुपारचं येत नाही.

जेएलपीटीत हिरागानातला शब्द देऊन योग्य कांजी निवडायला सांगतात, तेव्हा पर्याय याच पानावरून उचलल्यासारखे असतात. नुसता 'साधारण असा आकार' लक्षात ठेवणाऱ्याला चारही ओळखीचे वाटतात.

## टप्पा ७: आवाजाचा घटक (तीनशेच्या आसपास)

हा टप्पा आधी घेतला तर काही उपयोग नाही, कारण पडताळायला पुरेशा कांजी हाताशी नसतात. बऱ्याच कांजींत एक घटक अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा ओन उच्चार सांगतो. 'निळा' याचा ओन उच्चार 'सेइ'. त्याला तीन थेंब जोडले की 'स्वच्छ', सूर्य जोडला की 'निरभ्र', बोलणं जोडलं की 'विनंती'. तिन्हींचा ओन उच्चार 'सेइ'च. हृदय जोडलं की 'भावना', तिथे मात्र बहुधा 'ज्योउ'.

देवळाचा 'जि' तसाच: सूर्याबरोबर 'वेळ' आणि हाताबरोबर 'धरणे' या दोन्हींत 'जि', पण 'वाट पाहणे'मध्ये 'ताइ'. तेव्हा घटकावरून अंदाज करा, मग कोशात खात्री करा. अंदाज वारंवार खरा ठरतो आणि चारशेव्या कांजीपासून वेग वाढतो तो याचमुळे.

## हाताने किती लिहायचं?

जेएलपीटी पूर्ण बहुपर्यायी आहे, त्यात एकही कांजी हाताने लिहावी लागत नाही. टंकलेखनातही उच्चार टाइप करून यादीतून निवडायची असते. तरी पहिल्या दीडशे कांजी हाताने लिहाव्यात, त्याशिवाय डोळ्याला बारीक फरक दिसत नाहीत. त्यानंतर जुळ्यांच्या पानावरच्या तेवढ्या लिहा. जपानमध्ये राहायला जाणाऱ्यांनी आपल्या पत्त्यातल्या कांजी, तारखेच्या आणि देशाच्या कांजी न बघता लिहिता येतील असं बघावं, अर्ज भरताना त्याच लागतात. 'कांजी केन्तेइ' ही खास कांजीची परीक्षा देणाऱ्यांचा मामला वेगळा. त्यात प्रत्यक्ष लिहावं लागतं आणि सर्वांत खालची, दहावी पातळी पहिल्या इयत्तेच्या ८० कांजींची आहे.

जेएलपीटीच्या सर्वांत सोप्या पातळीला, एन५ ला, साधारण १०० आणि तिच्या वरच्या एन४ ला साधारण ३०० कांजी, असं धरून चालतात. २०१० पासून अधिकृत यादी जाहीर होत नाही, त्यामुळे 'अधिकृत एन४ यादी' म्हणून विकत घेतलेल्या पुस्तकाबाहेरचा शब्द परीक्षेत आला तर तो घोटाळा नसतो. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. १७ आठवडे मागे मोजून सुरुवात करा, वर तीन आठवडे फक्त उजळणीसाठी ठेवा.

## खंड पडला तर

दिवाळी, लग्नसराई, आजारपण यांत पंधरा दिवस जातात आणि ॲप चारशे कार्डं थकल्याचं दाखवतं. एका बैठकीत संपवायला जाऊ नका, शेवटची दोनशे कार्डं नुसती बटणं दाबून जातात. नवी कार्डं शून्यावर आणा. उजळणीची रोजची मर्यादा ऐंशीवर ठेवा. चारशेचा ढीग आणि त्यात रोज पडणारी भर मिळून पंधरवड्याच्या आत आटोक्यात येतो. सगळं पुसून पहिल्या कांजीपासून सुरू करायचा मोह टाळा. 'एक, दोन, तीन' पुन्हा पाठ करताना बरं वाटतं, पण विसरलेल्या असतात त्या पुढच्या ऐंशी. ढीग संपला की तीन दिवस रोज एकच नवी कांजी घ्या, चौथ्या दिवसापासून पुन्हा तीन.